एका भिंगाची प्रतीक्षा

२०२४ सालच्या नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नाने उरकून सारी मंडळी फराळाला बसली होती. चकल्या खुसखुशीत झाल्या की कडक झाल्या, यावर दरवर्षीप्रमाणे घरात दोन पक्ष पडले होते. एवढ्यात आमच्या पुतण्याने मोबाइलमधून डोके वर काढले आणि तो ओरडला, “माझा नंबर लागला!”

ज्याने जालन्यात ऐन उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची वाट पाहिली आहे, त्याला ‘नंबर लागणे’ या दोन शब्दांतला आनंद समजावून सांगायला नको. आईने लगेच विचारले, “कशाचा रे बाळा?”

“कॅमेऱ्याचा, आजी. आठ महिने झाले नाव नोंदवून. पुढच्या महिन्यात येतो म्हणतात.”

“केवढ्याला?”

“दीड लाखाच्या वर जातो.”

आईने हातातला अनारसा ताटात ठेवला. पुतण्याने कॅमेऱ्याचे चित्र तिच्यापुढे धरले. तिने चष्मा लावला, चित्र नीट न्याहाळले आणि म्हणाली, “अरे, हा तर आपल्या माळ्यावर आहे की! तुझ्या आजोबांचा. मग पुन्हा विकत कशाला घ्यायलास?”

सगळे हसले, पुतण्याही हसला, पण जरा ओशाळून. खरे म्हणजे माळ्यावरचा कॅमेरा ठोकळ्यासारखा आहे. दोघांत साम्य म्हणाल तर पुढे एक गोल भिंग, वर एक खटका आणि भोवती काळे कातडे, एवढेच. तरीही आईचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या कॅमेऱ्याविषयी मी पुढे पुष्कळ वाचले, पण इतकी नेमकी टीका मला कोठे आढळली नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याचा विस्तार आहे, असे समजायला हरकत नाही.

आधी या वस्तूचा परिचय करून देतो. जपानच्या फुजीफिल्म कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरातील प्रदर्शनात ‘एक्स-१००’ नावाचा कॅमेरा जगापुढे मांडला. आतून तो पुरता डिजिटल, पण बाहेरून थेट आजोबांच्या काळातला. माथ्यावर आकडे कोरलेल्या चकत्या, भिंगाभोवती फिरवायचे कडे, आणि डोळा लावून पाहण्यासाठी खरीखुरी काचेची खिडकी. भिंग एकच, ते काढता येत नाही, बदलता येत नाही, की पुढेमागे सरकवून दूरचे जवळ आणता येत नाही. २०११ च्या मार्चमध्ये तो बाजारात येत होता, आणि त्याच महिन्यात जपानला महाभूकंपाने हादरवले. मियागी प्रांतातील ज्या कारखान्यात हा कॅमेरा तयार होत होता, तेथले काम बंद पडले. म्हणजे या कॅमेऱ्याच्या जन्माबरोबरच त्याची वाट पाहणेही सुरू झाले.

पुढे २०१३, २०१४, २०१७ आणि २०२० या साली त्याचे नवे अवतार निघाले. प्रत्येक वेळी पोटातली यंत्रे बदलली, चेहरा तोच राहिला. २०२० च्या अवताराचे फोटो तरुण मंडळींनी समाजमाध्यमांवर असे काही गाजवले, की दुकानांतून तो दिसेनासा झाला आणि वापरलेला कॅमेरा नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी टोकियोत सहावा अवतार जाहीर झाला. चार कोटी बिंदूंची प्रतिमा, हात हलला तरी चित्र सावरून धरणारी योजना, आणि आपल्याकडची किंमत सुमारे एक लाख साठ हजार रुपये. कंपनीची स्थापना १९३४ सालची, म्हणून नव्वदीच्या निमित्ताने १९३४ कॅमेऱ्यांची एक खास तुकडीही काढली. जगभर मागणीची झुंबड उडाली, आणि त्या झुंबडीच्या शेपटाशी जालन्यातला आमचा पुतण्या उभा होता.

आता प्रश्न असा, की एवढी माणसे वाट पाहत होती ती नेमकी कशाची?

पहिले उत्तर सोपे आहे: रूपाची. जुने ते सोने, ही आपली म्हण. आणि आमचे जालना तर सोन्याचा पाळणा म्हणून जुन्या काळापासून मिरवत आलेले गाव! पण रूपाचा विचार करताना समीक्षकाने जरा सावध असावे. जुन्या कॅमेऱ्यावरची चकती ही काही शोभेची वस्तू नव्हती. तिच्याखाली दाते होते, स्प्रिंग होती. पडदा किती वेळ उघडा राहायचा हे ती चकती प्रत्यक्ष ठरवीत असे. नव्या कॅमेऱ्यातली चकती फक्त आतल्या संगणकाला निरोप देते. मग ही लबाडी म्हणायची काय? आमच्या भागात हमरस्त्यावर हल्ली वाड्याच्या रूपाची हॉटेले निघाली आहेत. दर्शनी भागाला दिंडी दरवाजा, पितळी फुल्या, वर नगारखाना; आणि दरवाजाला हात लावावा तर प्लायवूड! हा कॅमेरा त्याच जातीचा आहे काय?

मला वाटते, नाही. निदान पुरता नाही. पुतण्याचा कॅमेरा आल्यावर मी तो हातात घेऊन पाहिला. यंत्र बंद असतानाही चकतीकडे पाहिले की ते कोणत्या वेगावर लावून ठेवले आहे हे कळते. पडद्यावरच्या याद्यांत बोट घालून हिंडावे लागत नाही. अंगठ्याला चकतीची जागा चार दिवसांत पाठ होते. जे रूप काही काम करते ते जुने असले तरी खोटे नव्हे. दळायचे तर जात्याला खुंटा हवाच. दिवाणखान्यात शोभेसाठी मांडलेल्या जात्याचा खुंटा मात्र नुसता खुंटा. या कॅमेऱ्यात दोन्ही प्रकार आहेत. चकत्या आणि खिडकी पहिल्या प्रकारात मोडतात. रुपेरी माथा आणि कातड्याचा भास दुसऱ्या. तेव्हा या परीक्षेत तो उत्तीर्ण होतो, पण पहिल्या वर्गात नव्हे.

दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे, आणि ते त्या न हलणाऱ्या भिंगात आहे. दीड लाख मोजून माणसे कमी करू शकणारे यंत्र का घेतात? माझ्या एका इंजिनिअर स्नेह्याला हे कोडे सुटत नाही. तो म्हणतो, “निम्म्या पैशात दुप्पट पल्ल्याचे भिंग मिळते.” हिशेब म्हणून त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण मला अशा वेळी जांब आठवते. आमच्या जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे. १६०८ साली त्यांचा जन्म तेथे झाला. समर्थांनी मनाच्या श्लोकांसाठी भुजंगप्रयात वृत्त घेतले. चार ‘य’ गण, चरणात बारा अक्षरे. तेरावे घालता येत नाही आणि अकरावर भागत नाही. अशा आखलेल्या वाटेने त्यांनी दोनशे पाच श्लोक चालवले. त्या अडचणीने समर्थांचे काही अडले, असे कोणी म्हणणार नाही. उलट ते श्लोक आजही पोराटोरांच्या तोंडी आहेत ते त्या चालीमुळेच.

न हलणारे भिंग हे छायाचित्रकाराचे वृत्त आहे. या कॅमेऱ्याचे भिंग २३ मिलिमीटरचे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरच्या भिंगातून जेवढे दिसे तेवढे त्यातून दिसते. घरच्या भाषेत सांगायचे तर, समोरच्या माणसापासून सहा फुटांवर उभे राहिलात, तर चौकटीत साधारण सहा फूट रुंदीचे जग येते; दहा फुटांवर दहा फूट. हा हिशेब एकदा पायांना कळला, की डोळ्याला खिडकी लावण्यापूर्वीच फोटो दिसू लागतो. जसा मुरलेला कवी बोटांवर मात्रा मोजत नाही, तसा मग छायाचित्रकारही पावले मोजत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. तिला मी सौंदर्याइतकेच महत्त्व देतो. पुतण्याजवळ पूर्वी लांब पल्ल्याच्या भिंगाचा कॅमेरा होता. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी लोटते, तेव्हा तो एका गच्चीवर उभा राहून फोटो काढी. चेहरे सुरेख येत. घामाचा थेंब दिसे, कपाळावरचा बुक्का दिसे. पण त्यातल्या एकाही माणसाला आपला फोटो निघाला हे ठाऊक नसे. ते चेहरे दिले नव्हते, उचलले होते. नव्या कॅमेऱ्याने तसे करता येत नाही. एखाद्या म्हातारीचा चेहरा हवा असेल तर तिच्याजवळ जावे लागते, जवळ जायचे तर काहीतरी बोलावे लागते, आणि बोलले की ती विचारते, “कुणाचा रे तू?” त्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावर जो फोटो निघतो, तो निराळा असतो. दोन पावले पुढे जाणे म्हणजे परवानगी मागणे.

कोणी म्हणेल, ही फार स्तुती झाली. तेव्हा दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वृत्तात लिहिले म्हणजे कविता होत नाही. भुजंगप्रयातात लिहिलेली मानपत्रे आपण समारंभांतून पुष्कळ ऐकली आहेत. तसेच एका भिंगाने काढला म्हणून फोटो चांगला होत नाही. आणि वृत्तच हवे असेल, तर ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात फुकट आहे! मोबाइलचे मुख्य भिंगही न हलणारेच असते. दोन बोटे काचेवर ताणून आपण दूरचे जवळ आणतो, तेव्हा बहुधा तेच चित्र कापून मोठे केलेले असते. बोटे ताणायची नाहीत, पाय हलवायचे, एवढा नेम केला की एक लाख साठ हजार रुपयांतला निम्मा गुण पदरात पडला. हे मी पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, “काका, नेम करणं सोपं, पाळणं अवघड. म्हणून तर यंत्र घेतो.” उत्तर हुशारीचे होते. दारू सोडणाऱ्याने पंढरीची माळ घालावी, त्यातलाच हा प्रकार. माळेची किंमत जरा जास्त, इतकेच.

आता तिसरे उत्तर, आणि माझ्या मते खरे. माणसे वाट पाहत होती ती वाट पाहण्याचीच.

माळ्यावरचा कॅमेरा म्हणजे बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री. वडिलांनी तो औरंगाबादहून आणला. त्या वेळी जालना हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्या कॅमेऱ्याच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. बारा म्हणजे बाराच! गणपतीत चार, दसऱ्याला दोन, दिवाळीत भाऊबीजेला तीन; मग उरलेले तीन कोणाच्या तरी मुंजीपर्यंत राखून ठेवायचे. रोल संपला की तो स्टुडिओत धुवायला टाकायचा. स्टुडिओवाला आठ दिवसांचा वायदा करी आणि पंधरा दिवस लावी. त्या पंधरा दिवसांत घरात त्या न पाहिलेल्या फोटोंची चर्चा चाले. “माझे डोळे मिटले असतील,” “मी हललो होतो,” “आत्या त्यात नव्हतीच.” फोटो हातात येण्यापूर्वी तो घरातल्या प्रत्येकाने मनात एकेकदा धुऊन काढलेला असे. पाकीट उघडताना बारांतले तीन काळे निघत, दोन हललेले असत. पण उरलेले सात आयुष्यभर टिकत.

तेव्हा प्रतीक्षा होती ती खटका दाबल्यानंतरची. आज ती खटका दाबण्यापूर्वी, नव्हे, कॅमेरा घरात येण्यापूर्वीच संपते. पुतण्याने आठ महिने वाट पाहिली ती वस्तूची. वस्तू आल्यावर तिच्यातून निघालेल्या एकाही फोटोची त्याला एक क्षण वाट पाहावी लागली नाही. त्या आठ महिन्यांत तो रात्ररात्र त्या कॅमेऱ्याविषयी वाची, त्याने काढलेले परक्यांचे फोटो पाही, नकाशावर जागा हेरून ठेवी: मोती तलावावरची संध्याकाळ, मोसंबीच्या बागेतली तोडणी, पोलादाच्या कारखान्यातली ठिणग्यांची रात्र. मला तर वाटते, त्याने सर्वांत चांगले फोटो त्या आठ महिन्यांत काढले.

कंपनीलाही हे कळले असावे. कारण २०२५ च्या मे महिन्यात तिने ‘एक्स हाफ’ नावाचा आणखी एक छोटा कॅमेरा जाहीर केला. त्याचेही भिंग न हलणारे. त्यात एक गंमत ठेवली आहे. मनात असेल तर आपण आधी ठरवायचे, की हा ‘रोल’ ३६ फोटोंचा, ५४ चा की ७२ चा. मग प्रत्येक फोटोनंतर एक दांडी ओढायची, जणू फिल्म पुढे सरकते आहे; आणि ठरलेले फोटो संपेपर्यंत आतले काही पाहायला मिळत नाही. फिल्म नाही, पण फिल्मची वाट आहे!

हे वाचून मी प्रथम मोठ्याने हसलो. ज्या कंपनीचे नावच फिल्मवरून पडले, तिने फिल्मचा धंदा आटल्यावर फिल्मचे व्रत विकायला काढले, असा शेराही मी मारला. पण मग एकादशीची आठवण होऊन गप्प बसलो. घरात धान्याची कणगी भरलेली असताना माणूस उपाशी राहतो, त्याला आपण ढोंगी म्हणत नाही. स्वतः घातलेले बंधन म्हणून ते खोटे ठरत नाही. व्रत म्हणजे दुसरे काय असते? प्रश्न एवढाच, की ही एकादशी आहे की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’? बहात्तर फोटोंचा रोल दिवसातून चारदा संपवायचा असेल, तर ती साबुदाण्याची खिचडी झाली. पण कोणी छत्तीसचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवला, तर मी त्याला मनोभावे नमस्कार करीन.

या सगळ्याला मी एवढे महत्त्व का देतो, ते आता सांगायला हवे. माझे वडील आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या चार वर्षांत मी त्यांचे शेकडो फोटो काढले: पेपर वाचताना, औषधाची गोळी नाकारताना, पणतीला तेल घालताना. सारे माझ्या मोबाइलमध्ये होते. एका पावसाळ्यात तो मोबाइल भिजला आणि पुन्हा उघडला नाही. दोष यंत्राचा नव्हे. त्या शेकडोंतला एकही फोटो मी कागदावर उतरवून घेतला नव्हता, कारण घाई कसली, असे मला वाटत होते. जेथे वाट पाहावी लागत नाही, तेथे काहीच पुरते करावेसे वाटत नाही.

उरला आहे तो क्लिक थ्रीचा एक चौकोनी फोटो. आमच्या जुन्या घराच्या अंगणात आई तुळशीपाशी उभी आहे. पोर म्हणून मी तिच्या पदराआड. त्यात वडील नाहीत, कारण ते कॅमेऱ्यामागे होते. पण साध्या भिंगाच्या त्या कॅमेऱ्याला ऊन पाठीशी घ्यावे लागे. म्हणून फोटोच्या खालच्या कडेपासून आईच्या पावलांपर्यंत एक लांब सावली पडली आहे. कोपरे बाहेर काढून, मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाची. वडिलांचे माझ्यापाशी असलेले ते एकमेव चित्र. आईने त्या दिवशी पुतण्याच्या मोबाइलमध्ये जो कॅमेरा ओळखला, तो हा असावा, असे मला मागाहून कळले.

तेव्हा निकाल असा. कॅमेरा चांगला आहे. त्याच्या चकत्या खऱ्या आहेत, कातडे खोटे आहे आणि भिंग प्रामाणिक आहे. ज्याला परवडतो आणि ज्याला दोन पावले पुढे जायची लाज वाटत नाही, त्याने तो अवश्य घ्यावा. ज्याला परवडत नाही त्याने हळहळू नये. मोबाइलवर बोटे ताणायचे सोडावे, की त्यातले बरेचसे मिळते. पण या कॅमेऱ्याला, आणि त्याच्या पुढे येणाऱ्या कोणत्याही अवताराला, एक गोष्ट देता येणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल. वर्षाला बारा फोटो निवडावे, कागदावर काढून घ्यावे, मागे पेन्सिलीने तिथी आणि नावे लिहावी.

पुतण्याचा कॅमेरा डिसेंबरात आला. पहिला फोटो त्याने आजीचा काढला. सहा फुटांवर उभे राहून, तिला विचारून, खिडकीला डोळा लावून खटका दाबला, आणि लगेच मागचा पडदा तिच्यापुढे धरला. तिने पाहिले, चांगला आला होता.

“छान आहे,” ती म्हणाली, “पण हातात कधी देशील?”

पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “आठ दिवसांचा वायदा कर. पंधरा लागले तरी चालतील.”